दफनभूमी, भुताची वदंता आणि लेटरबॉक्सचा माग

झपाटलेली म्हणून बोलबाला झालेल्या एखाद्या जुन्या दफनभूमीजवळ लेटरबॉक्स लपवावा की नाही, या प्रश्नावर माझे मत दोन्ही बाजूंच्या मंडळींना फारसे रुचणार नाही. डबी जरूर लपवावी, पण तिच्या जाहिरातीला भुताला जुंपू नये, असे मला वाटते.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाणी शिरणार नाही अशा डबीत एक रबरी शिक्का आणि एक नोंदवही ठेवून ती मोकळ्या रानात लपवली जाते, आणि लपवणारा तिच्यापर्यंतचा माग शब्दांत, बऱ्याचदा कोड्याच्या रूपात, लिहून देतो. शोधणाऱ्याने होकायंत्र, पावलांचे मोजमाप आणि स्वतःची बुद्धी वापरून तिथे पोहोचायचे, डबीतला शिक्का आपल्या वहीत आणि आपला शिक्का डबीतल्या वहीत उमटवायचा, आणि डबी होती तशी झाकून निघून यायचे. याची सुरुवात १८५४ साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या डार्टमूरच्या माळरानावर झाली, असे मानले जाते. जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडवळणाच्या दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली आणि तिथवर चालत येणारे लोक तिच्यात आपली कार्डे टाकू लागले. अमेरिकेत हा छंद पसरला तो १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात आलेल्या एका लेखानंतर. पुढे दोनच वर्षांनी उपग्रहाच्या मदतीने खेळला जाणारा जिओकॅशिंगचा खेळ आला. त्यात अक्षांश-रेखांशाचे आकडे तुम्हाला जागेवर नेऊन सोडतात; लेटरबॉक्सचा माग मात्र वाटेत पाहायला लावतो, आणि माझा सगळा युक्तिवाद या फरकावर उभा आहे.

कारण दफनभूमीइतकी वाचण्याजोगी जागा माग लिहिणाऱ्याला क्वचितच मिळते. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडच्या जुन्या दफनभूमींमध्ये सतराव्या-अठराव्या शतकातल्या शिळांवर पंख असलेली कवटी कोरलेली दिसते, मग हळूहळू तिची जागा पंख असलेला बालचेहरा घेतो, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अस्थिकलश व त्यावर झुकलेला विलोवृक्ष दिसू लागतो. मृत्यूकडे पाहण्याची एका समाजाची दृष्टी कशी बदलत गेली, ते तिथे दगडात लिहिलेले आहे. ‘विलो कोरलेल्या उत्तरेकडच्या शिळेवरचे वर्ष पाहा, त्याच्या शेवटच्या दोन अंकांइतकी पावले फाटकाबाहेरच्या वाटेने चाला’ असा माग लिहिला, की येणाऱ्याला ती शिळा खरोखर वाचावीच लागते. एरवी त्या नावाकडे ढुंकूनही कोणी पाहिले नसते.

भुताच्या शोधात येणारा मनुष्य नेमके याच्या उलट वागतो. तो रात्री येतो, वाचत काहीच नाही, आणि काही ‘घडावे’ अशी अपेक्षा बाळगून येत असल्यामुळे काही घडले नाही तर स्वतःच काहीतरी घडवतो. शिकागोच्या नैर्ऋत्येला मिडलोथियनजवळ, राखीव जंगलाच्या कडेला असलेली बॅचलर्स ग्रोव्ह ही जेमतेम एकरभराची दफनभूमी याचे सर्वांत खेदजनक उदाहरण आहे. तिच्याजवळून जाणारा रस्ता वाहतुकीला बंद झाल्यावर ती जागा एकाकी पडली, रात्रीच्या टोळक्यांचा अड्डा बनली, शिळा फोडल्या गेल्या, चोरल्या गेल्या, शेजारच्या तळ्यात ढकलल्या गेल्या. १९९१ मध्ये भुतांचा शोध घेणाऱ्या एका गटाने तिथे काढलेल्या छायाचित्रात शिळेवर बसलेली एक स्त्री दिसते, असा बोलबाला झाला आणि दफनभूमीची कीर्ती आणखी पसरली. छायाचित्रातल्या त्या स्त्रीबद्दल लोक आजही बोलतात. ज्यांच्या नावाच्या शिळाच उरल्या नाहीत त्यांच्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. भुताने कोणाचे काही बिघडवल्याचा पुरावा नाही, जिवंत माणसांनी काय केले ते मात्र उघड्या डोळ्यांनी दिसते.

डार्टमूरच्या कडेला बकफास्टलीचे जुने चर्चही असेच आहे. तिथे १६७७ मध्ये वारलेल्या रिचर्ड कॅबेल या जमीनदाराच्या कबरीवर लोखंडी गजांची छोटी इमारत उभी आहे. तो रात्री शिकारी कुत्रे घेऊन बाहेर पडू नये म्हणून ती बांधली, अशी दंतकथा आहे. कथा सुरस आहे, मलाही आवडते. ते चर्च १९९२ मध्ये आगीत भस्मसात झाले, आणि ती आग लावलेली होती असे मानले जाते.

म्हणून माझ्या दृष्टीने माग लिहिणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते, कारण कोण येणार आणि कोणत्या वेळी येणार हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. डबी कुंपणाच्या आत तर नकोच. जुन्या भिंतीच्या फटीतही नको, कारण शोधणारे उत्साहाच्या भरात दगड उपसतात. शिळा टेकू म्हणून वापरायला लावणारा किंवा तिच्यावरची शेवाळी घासून अक्षरे वाचायला लावणारा माग लिहू नये. झिजलेली अक्षरे दिसावीत म्हणून दाढीचा फेस चोळण्याची जी जुनी खोड आहे, तिने दगड खराब होतो. आणि पायातून सुटलेली शिळा इतकी जड असते की अंगावर पडली तर जीव जाऊ शकतो. माग दिवसाउजेडीच सुटेल असा असावा. सावलीची दिशा, दूरचा कळस, झाडाच्या खोडावरची गाठ अशा खुणा वापरल्या की रात्री येणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. (मध्यरात्री बाराच्या ठोक्याला या, असे लिहिणाऱ्यांच्या कल्पनाशक्तीची मला मनापासून कीव येते.)

परवानगीचा मुद्दा काहींना जाचक वाटतो, मला तो साधा वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या नियमांनुसार चोवीस तासांहून अधिक काळ बेवारस ठेवलेली वस्तू सर्वसाधारणपणे चालत नाही, त्यामुळे तिथे न विचारता ठेवलेली डबी कचऱ्यात जाऊ शकते. २००५ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळात दफनभूमी व ऐतिहासिक स्थळी विनापरवाना जिओकॅशिंग करण्यास मनाई करणारे विधेयक आले होते. त्याचा कायदा झाला नाही, पण ज्यांचे आप्त तिथे पुरले आहेत त्यांना हा खेळ कसा दिसतो, हे त्यातून छंदातल्या लोकांना कळायला हरकत नव्हती. तेव्हा दफनभूमीच्या व्यवस्थापनाला भेटावे आणि भेटताना मागाचा संपूर्ण मजकूर सोबत न्यावा. त्यात पांढऱ्या वस्त्रातली स्त्री असेल आणि त्यांनी तेवढ्यावरून नकार दिला, तर मी त्यांच्याच बाजूने बोलेन.