आईच्या पायाचं माप

आईने जोडवी काढून डब्यात ठेवली, तेव्हा प्रकरण किती पुढे गेलंय ते मला कळलं. उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर इतका कलला होता की मधे जोडवं रुतायला लागलं होतं. अंगठ्याच्या मुळाशी आलेली गाठ तर तिने वर्षानुवर्षं "हाड वाढलंय, वय झालं" म्हणून सोडून दिलेली. आजीचा पायही असाच होता.

त्याला डॉक्टर बनियन म्हणतात. बहुतेकांना वाटतं तसं तिथे नवं हाड उगवलेलं नसतं. अंगठ्यामागचं तळपायातलं लांब हाड पायाच्या आतल्या कडेकडे सरकतं, अंगठा उलट दिशेला कलतो आणि मधला सांधा बाहेर डोकावतो. त्यावर चप्पल घासली की सूज येते, कातडी लाल होते. म्हणून कुठलाही लेप, कुठलंही तेल ती गाठ "विरघळवू" शकत नाही. पायाची ठेवण घराण्यातून येते हे खरं, पण पादत्राणांचा वाटाही मोठा आहे. १९५८ साली हाँगकाँगमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली होती: बूट घालणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के लोकांचे अंगठे कललेले, अनवाणी राहणाऱ्यांत जेमतेम २ टक्के.

मी आधी चूक केली. "रात्री बांधा, अंगठा सरळ" अशी जाहिरात बघून ऑनलाइन पट्टा मागवला. आईने तीन आठवडे इमानाने बांधला. बांधलेला असेपर्यंत अंगठा सरळ, सोडला की पुन्हा तिथेच. मोठ्या माणसाचा कललेला अंगठा पट्ट्याने कायमचा सरळ होत नाही, हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. याचा मला अजून राग येतो.

मग एका संध्याकाळी (दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळीच घ्यावं) आईला वर्तमानपत्रावर उभं केलं आणि पेन्सिलीने पायाभोवती रेघ मारली. त्यावर तिची नेहमीची सँडल ठेवली. दोन्ही बाजूंनी बोटभर पाय बाहेर! इतकी वर्षं ती तेवढ्या जागेत पाय कोंबून बाजारहाट करत होती. तो कागद घेऊनच आम्ही दुकानात गेलो. "वापरून सैल होईल ताई" हे ऐकून घेतलं नाही. पुढून रुंद, मऊ वरच्या कातड्याची, टाच कमी असलेली चप्पल मिळेपर्यंत चार दुकानं फिरलो.

बाकी उपाय साधे आहेत. बोटांमध्ये सिलिकॉनचा तुकडा, गाठीवर मऊ पॅड, दुखलं की कापडात गुंडाळलेला बर्फ. फिजिओथेरपिस्टने बोटं फाकवण्याचे आणि पोटरी ताणण्याचे व्यायाम दिलेत, ते आई टीव्ही बघता बघता करते. अंगठा सरळ झालेला नाही, होणारही नाही. पण ती पुन्हा मंडईत चालत जाते.

एक मात्र कळकळीने सांगते. सांधा एका रात्रीत लाल, गरम होऊन ठणकू लागला, तर ते युरिक ॲसिडमुळेही असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर तिथली छोटी जखमही अंगावर काढू नका. आणि केवळ दिसायला बरं नाही म्हणून ऑपरेशनची घाई करू नका. हे सगळं करूनही चालणं अवघड झालं, तर तो विचार जरूर करा.

आज घरी गेलात की आईला कागदावर उभं करा.