बाटली देता, तशी दोन वाक्यंही द्या

मागच्या पावसाळ्यात आईला हुडहुडी भरून ताप आला. कंबर दुखत होती, लघवीला जळजळ होत होती. आम्ही तिला एका सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी नीट तपासलं, युरीन रुटीन आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) लिहून दिलं. लॅबच्या खिडकीतून बाटली आली आणि सोबत एकच शब्द आला, "युरीन." लगेच पुढचा नंबर पुकारला.

शौचालयात नळाला पाणी नव्हतं. बाटलीचं झाकण ठेवायला बोटभर जागा नव्हती. मी दार अर्धवट ओढून धरलं होतं. ७१ वर्षांची माझी आई एका हाताने भिंतीला धरून, दुसऱ्या हातात बाटली आणि झाकण दातांत, अशी ओणवी झाली. बाहेर आली ती बाटली पदराखाली झाकून. "एवढ्या माणसांतून ही घेऊन चालायची लाज वाटते गो," म्हणाली.

ट्रेमध्ये बाटल्या उकाड्यात तशाच पडून होत्या. तीन दिवसांनी रिपोर्ट आला: मिश्र जंतू, नमुना दूषित, पुन्हा द्या. तोवर अँटिबायोटिक सुरू झालं होतं, त्यामुळे दुसऱ्या नमुन्यात काहीच वाढलं नाही. गोळ्या संपल्या आणि आठवड्याभरात ताप परत आला. कुठला जंतू होता, कुठल्या औषधाला दाद देत होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

खिडकीमागच्या मुलीवर माझा राग नाही. तिच्यासमोरची रांग मी पाहिली आहे. राग याचा आहे की ही तपासणी स्वस्त, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच नाही.

आणि केवढं सांगते ती! दहा चौकोनांची एक पट्टी बुडवली की साखर, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), किटोन, रक्त, संसर्गाची खूण, सगळं दोन मिनिटांत रंगांतून दिसतं. गरोदर बाईला २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० आणि लघवीत अल्ब्युमिन दिसलं, तर पुढचा धोका वेळेत ओळखता येतो. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, त्यात लघवीही येते. पण आपल्याकडच्या दमट हवेत पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की पट्ट्या खराब होतात आणि रंग खोटे बोलतात. नमुन्याचंही तसंच. दोन तासांच्या आत तपासायचा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायचा. उबेत काही जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात, मग रोग्याच्या पोटातले किती आणि बाटलीत वाढलेले किती, कसं ओळखणार?

मधुमेहाच्या रोग्यांबद्दल तर कळकळीने सांगते. किडनीला पहिला धक्का बसतो तेव्हा लघवीतून अल्ब्युमिन इतकं थोडं जातं की साध्या पट्टीला ते कळत नाही. त्यासाठी लघवीचीच अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ही तपासणी (क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो शरीरातला कचरा) वर्षातून एकदा करून घ्या, ओपीडीत मागून घ्या. तो रेशो ३० (मिग्रॅ/ग्रॅम) च्या वर गेला तरी माणसाला काहीच जाणवत नाही. गोव्यातल्या काणकोणात कारण न सापडलेला किडनीविकार कितीतरी घरांत शिरलाय. अशा विकारात सुरुवातीला अल्ब्युमिन फारसं जात नाही, म्हणून तिथे नुसत्या लघवीवर विसंबून चालणार नाही, रक्तातलं क्रिएटिनिनही सोबत बघायला हवं.

माझं मागणं फार मोठं नाही. शौचालयात पाणी, आतून कडी आणि भिंतीला एक फळी. बाटली ठेवायला जाळीची खिडकी किंवा झाकलेला ट्रे, म्हणजे बायकांना ती मिरवत न्यावी लागणार नाही. आणि खिडकीवर मोठ्या अक्षरांत एवढंच: हात धुवा, लघवीची जागा पाण्याने पुढून मागे धुवा, पहिली धार सोडा, मधली बाटलीत धरा, बाटलीच्या आत बोट लावू नका. कल्चरचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्या.

हे मी मराठी आणि कोंकणीत पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. सोमवारी आईच्या तपासणीला जाऊ तेव्हा लॅबच्या खिडकीशी लावू देतात का, विचारणार आहे. त्या रांगेत बांधकामावरची कन्नड बोलणारी माणसं बरीच असतात. कुणी कन्नडमध्ये स्वच्छ अक्षरांत लिहून देईल का? इनबॉक्समध्ये पाठवा, प्रिंट मी काढते.