टेस्ट पुढच्या महिन्यात केली तर चालेल का?

आज दुपारी लॅबमधली पहिल्या वर्षाची ज्युनियर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात चार घड्या घातलेला कागद होता. मला वाटलं प्रोटोकॉल विचारायला आली असेल. तिने कागद उलगडून समोर ठेवला तर डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, खाली पाच टेस्टची नावं, आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "ताई, यातल्या सगळ्यात गरजेच्या दोन कुठल्या? बाकीच्या पुढच्या महिन्यात केल्या तर चालेल का? तोपर्यंत स्टायपेंड येईल ना?"

मला दोन मिनिटं बोलताच आलं नाही. कारण असाच कागद, अशाच चार घड्या घालून, मी माझ्या आयकार्डच्या कव्हरमध्ये चार महिने ठेवला होता. गळ्यातच होता रोज.

ही गोष्ट मी इथे कधी लिहिली नाही. आज लिहिते. लांबेल, पण लिहिते.

आमची लॅब तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे, तिला बसण्याएवढा कट्टा आहे. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात मी रोज सकाळी त्या कट्ट्यावर बसायला लागले. आधी मिनिटभर, मग पाच मिनिटं, मग कधीकधी दहा. वर-खाली जाणाऱ्यांना काही वाटू नये म्हणून मोबाईल काढून बघायचे, खरं तर काहीच बघत नसायचे, छाती धडधडायची ती शांत व्हायची वाट बघायचे. आणि डोक्यात काय चालायचं माहितीये? की मला आता कामात रस उरला नाहीये. मी आळशी झालीये. बाकीचे बघ कसे चढून जातात आणि मी पीएचडी सोडायची कारणं शोधतेय. स्वतःला इतकं बोलले आहे मी त्या कट्ट्यावर बसून, तेवढं दुसऱ्या कोणी बोललं असतं तर मी त्याचं तोंड बघितलं नसतं.

तेव्हा पाच महिने स्टायपेंड आला नव्हता. ज्यांना हे आयुष्य माहीत नाही त्यांना सांगते, स्टायपेंड कमी असणं वेगळं आणि तो कधी येईल हे माहीत नसणं वेगळं. कमी असेल तर माणूस बसवतो कसंबसं. पण तारीखच नसेल तर काहीच ठरवता येत नाही, सगळं "आल्यावर बघू" वर जातं. आणि त्या यादीत सगळ्यात आधी काय ढकललं जातं? खोलीचं भाडं नाही ढकलता येत, घरमालक दारात येतो. फी नाही ढकलता येत, नाव कमी होतं. तब्येत ढकलता येते, ती दारात येऊन उभी राहत नाही. निदान लगेच नाही.

मी संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे. त्या संपवून रात्री परत लॅबमध्ये यायचे कारण सेल्सचा, म्हणजे प्रयोगासाठी वाढवलेल्या पेशींचा, मीडिया (त्यांना पोसणारं द्रव) बदलायचा असायचा. सेल कल्चर केलेल्यांना कळेल. त्या सेल्सना ३७ अंश लागतात, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो, दर दोन-तीन दिवसांनी ताजा मीडिया लागतो, रविवार असो नाहीतर सण असो. मीडियाचा लाल रंग पिवळट व्हायला लागला की बघूनच कळतं की आता बदलायला हवं. इन्क्युबेटरचं तापमान जरा इकडेतिकडे झालं की अलार्म वाजतो. लॉगबुकात सही करायची, कोणी बघितलं, किती वाजता बघितलं. मी ते लॉगबुक एकदाही चुकवलेलं नाही. आणि त्याच काळात मी स्वतः पांढरी पडत चालले होते, नखं तुटत होती, केसांचा गुंता रोज हातात येत होता, आणि मला बर्फ चघळायचं अक्षरशः वेड लागलं होतं. थंडीतसुद्धा. मला वाटलं नवी सवय लागली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की शरीरातलं लोह कमी झालं की काही जणांना बर्फ खावासा वाटतो, त्याला वैद्यकीय नावसुद्धा आहे. म्हणजे शरीर सांगत होतं, मीच ते लॉगबुक उघडत नव्हते.

तर तो दिवस. सकाळचे साडेनऊ. कट्ट्यापर्यंत पोचलेच नाही, चार पायऱ्या आधीच डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले असते पण जिना पुसणाऱ्या मावशींनी दंडाला धरलं, हातातला पोछा टाकून. कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "पोरी, तू रोज इथंच बसतेस. दोन महिने बघतेय मी. आधी एवढा वेळ नव्हतीस बसत."

दोन महिने. माझ्या लॅबमध्ये अकरा माणसं आहेत, सगळी बारकाईने निरीक्षण करायचं शिक्षण घेतलेली, आणि मी जास्त वेळ बसायला लागलेय हे लक्षात आलं ते मावशींच्या. हे लिहितानाही घसा दाटून येतो.

त्या दिवशी मैत्रिणीने स्वतःच्या पैशांनी टेस्ट करायला लावल्या. हिमोग्लोबिन ७.९. बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा किती उरलाय ते दाखवणारी टेस्ट, ती ४ आली, १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. डॉक्टरांनी विचारलं पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, मी म्हटलं हो, वर्षभर. त्यांनी विचारलं मग टेस्ट का नाही केली, कागद तर चार महिन्यांपूर्वीचा दिसतोय. मी काय सांगणार? स्टायपेंडची वाट बघत होते असं? सांगितलं तसंच. ते काही बोलले नाहीत, नुसतं लिहीत राहिले.

आधी साठा संपतो, मग हिमोग्लोबिन उतरतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं, परीक्षेत लिहिलंय मी. रक्त ऑक्सिजन वाहतं, मेंदू शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के पण ऑक्सिजन साधारण २० टक्के वापरतो, हेही पाठ होतं. तरी एकाच पेपरची तीच ओळ सहा वेळा वाचून डोक्यात शिरत नव्हती तेव्हा मी म्हटलं माझी बुद्धीच कमी आहे. झोपेचंही तसंच. २००३ साली एक प्रसिद्ध प्रयोग झाला, लोकांना १४ दिवस रोज सहा किंवा चारच तास झोपू दिलं, तर त्यांचं काम एकदोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखं होत गेलं, आणि त्यांना स्वतःला मात्र आपण एवढे बिघडलोय याचा पत्ता नव्हता. हे वाचलं तेव्हा मला त्या सहा तासांचासुद्धा हेवा वाटला.

आता खरा राग कशाचा येतो ते सांगते. स्टायपेंडसाठी आम्ही सगळे मिळून भेटायला गेलो होतो तेव्हा एक वरिष्ठ म्हणाले, "पैशासाठी कोणी रिसर्च करत नाही. थोडं सोसायला शिका, आमच्या वेळी आम्ही काय काय सोसलंय." सोसलं असेल, नाही म्हणत नाही. पण तुम्ही सोसलं म्हणून ते चांगलं कसं झालं? आणि तुमच्याबरोबर सुरू करून मध्येच सोडून गेलेले किती, ते आज तुमच्या खुर्चीत बसून "सोसलं" असं सांगायला नाहीयेत. ते तुम्ही मोजलेच नाहीत. एरवी सँपलमध्ये अशी चूक आम्ही केली तर सेमिनारमध्ये फाडून खाता.

आणि ते मेडिकलचे पैसे परत मिळण्याचं. आधी बिल भरा, पावती जोडा, सही घ्या, मग पैसे परत मिळतील. अहो ज्याच्याकडे आधी भरायला आहेत त्याच्यासाठीच आहे ना मग ती सोय? कॉन्फरन्सचंही तेच, केमिकल अडलं तर तेही खिशातून आणा नंतर बघू. गंमत नाहीये ही, ज्याच्या घरून पैसे येऊ शकतात तोच टिकतो आणि आपण त्याला चिकाटी म्हणतो.

हो, माहितीये, ऑफिसकडेही पैसे वरून उशिरा येतात, समोरचा क्लार्क मुद्दाम अडवत नाही. तो बिचारा रोज शिव्या खातो. ठीक आहे.

आणि हो, पीएचडी मी स्वतःच निवडली, कोणी बळजबरी केली नाही. पण मी संशोधन निवडलं, ७.९ निवडलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मुदतवाढीच्या फॉर्मचं. "विलंबाचे कारण" म्हणून एक ओळ असते, एकच. मी तिथे काय लिहिलं होतं? "प्रायोगिक अडचणींमुळे." कारण सीनियर म्हणाले आजारपण लिहू नकोस, कमकुवत दिसतं, आणि पैशांचं तर अजिबातच लिहू नकोस. मी ऐकलं. म्हणजे कागदावर माझे सेल्स नापास झाले. माझे सेल्स उत्तम होते! मी त्यांना रात्री अकराला येऊन जेवू घालत होते. त्या फॉर्मवर माझी सही आहे आणि ती खोटी आहे. असे किती फॉर्म त्या कपाटांत पडले असतील? सगळीकडे प्रायोगिक अडचणी. मग वरून बघणाऱ्याला वाटणारच की मुलं नीट काम करत नाहीत.

थांबते जरा. पाणी पिऊन आले.

माझे गाइड वाईट नाहीत, हे लिहायलाच हवं. रिपोर्ट दाखवला तेव्हा ते एकदम गप्प झाले, मग म्हणाले, "मला सांगायचंस ना." आणि मी तेव्हा मनात चिडले होते की तुम्ही विचारायचंत ना. आज वाटतं दोघांचंही खरं होतं. चार वर्षांत आम्ही प्रत्येक सोमवारी तासभर डेटावर बोललोय, आणि त्या तासात "बरी आहेस का" ला माझं उत्तर "हो सर" एवढंच असायचं आणि दोघांनाही ते सोयीचं होतं. त्यानंतर सर दर सोमवारी आधी तब्येत विचारतात आणि उत्तर येईपर्यंत लॅपटॉप उघडत नाहीत.

गोळ्यांनी बरं वाटायला वेळ लागतो, हेही कोणी सांगत नाही. तोंडाला धातूची चव, पोट बिघडतं, शौचाला काळी होते (घाबरू नका, ते लोहामुळे असतं). चहा-कॉफीबरोबर घ्यायची नाही, लोह नीट शोषलं जात नाही, आणि आमचा तर दिवसच कपावर उभा. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरायला आणखी दोन-तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या. मी ठेवल्या. पाचव्या आठवड्यात एक दिवस लॅबमध्ये पोचून एप्रन घातला आणि मग लक्षात आलं की आज मी कट्ट्यावर बसलेच नाही. चढून आले होते सरळ. खाली परत गेले मावशींना सांगायला. त्या म्हणाल्या, "बघितलं की. गेलीस धडधडत."

तेव्हाच मला कळलं की आळशीपणा वगैरे काही नव्हतंच. इतके महिने मी स्वतःच्या स्वभावाला शिव्या देत होते आणि कमी होतं ते लोह.

काही जण आता म्हणतील प्रत्येकाचा थकवा म्हणजे ॲनिमिया नसतो. नसतो. थायरॉइड असेल, बी-१२ असेल, नैराश्य असेल, नुसती झोप नसेल. म्हणूनच तर टेस्ट लिहून देतात ना पाच! डॉक्टर उगाच यादी करत नाहीत, आणि त्यातल्या दोन निवडायचं काम लॅबमधल्या सीनियर ताईचं नाही. मला आज तिने ते काम दिलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली, कारण एक क्षण मी खरंच यादीवर बोट फिरवायला लागले होते. सीबीसी तर हवीच, फेरिटिन हवीच, थायरॉइड राहू दे का… असं. इतकं अंगात मुरलंय हे.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या साधारण ४८ हजार रिसर्च आणि शिकवण्याचं काम करणाऱ्यांनी संप केला होता, त्यात पीएचडीचे विद्यार्थी भरपूर होते. तेव्हा कोणीतरी म्हणालं, तिकडचे लोक काय, त्यांना काय कमी. मला तेव्हा फक्त एवढंच वाटलेलं की त्यातल्या कितीजणांच्या खिशात घडी घातलेला कागद असेल.

तिला मी सांगितलं, पाचही करायच्या, उद्याच करायच्या, पैसे मी भरते, स्टायपेंड आला की दे, नाही आला तरी विषय काढायचा नाही. ती नको नको म्हणत राहिली. मग मी तिला जिन्यावर नेलं आणि कट्टा दाखवला. ती कट्ट्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, मी पण बसते इथे. तुम्ही वर गेलात की."

मला माहीत नव्हतं. मी रोज तिथून जाते आता, धडधडत, आणि मला दिसली नाही.

उद्या सकाळी आठला उपाशीपोटी जायचंय, मी तिच्याबरोबर जाणार आहे. लॅबला उशीर होणार म्हणून सरांना आत्ताच मेसेज टाकलाय. कारण जे आहे तेच लिहिलंय, तिला विचारून.