काय कमी होतं तिला?

आज आईला घेऊन महिला हक्कांच्या चित्रपट महोत्सवाला गेले होते. दिवसभराचे पास, सोबत डबा, मजेचा बेत. घरी आल्यावर तासभर गप्प बसून पाहिलं, डोकं थंड होत नाहीये. म्हणून लिहितेय.

'उंबरठा' होता. १९८२ चा. मोठ्या पडद्यावर स्मिता पाटील, म्हणून आई सकाळी सातपासून साडी नेसून तयार! शेवट सगळ्यांना पाठच आहे. सुलभा आश्रमातली नोकरी सोडून घरी येते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी कुणी आल्याचं कळतं, पुन्हा निघते, रेल्वेत बसते.

दिवे लागले. चर्चेचा पहिला माईक अर्थातच एका काकांनी धरला. "सिनेमा चांगलाय, पण काय कमी होतं हो तिला? वकील नवरा, भरलं घर."

काही लोक हसले. बायकाही.

हे वाक्य मी आधी ऐकलंय. २०१२ साली, तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात. आजोबा गेले आणि वर्षाच्या आत मामांनी जमिनीतला आईचा वाटा सोडायचं हक्कसोडपत्र तयार ठेवलं. आई कॅमेऱ्यापुढे बसली, अंगठा दिला, सह्या केल्या. मी म्हटलं, मामा, निदान वाचून तरी दाखवा. तर म्हणाले, "तुझ्या आईला आम्ही काय कमी केलं गं?" बाहेर आल्यावर रसवंतीत सगळ्यांना रस पाजला आणि आईच्या हातात साडी दिली. किमतीची चिठ्ठी काढायची राहिली होती. सहाशे पन्नास.

१९९४ ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. आईचं लग्न १९७९ चं. २००५ ला केंद्राचा कायदा आला तेव्हा कुठे ती त्यात बसली. सात वर्षं हक्क होता तिच्याकडे, नुसता कागदावरचा, आणि तोही दोनशेच्या मुद्रांकावर सोडून आली. घर बायकोच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, तेव्हा बरोबर बाई आठवते यांना. सातबाऱ्यावर मात्र नको!

बरं, मामा वाईट नाहीत. आईच्या ऑपरेशनला पंधरा दिवस दवाखान्यात झोपले होते, सोसायटीचं कर्जही तेच फेडतात. मान्य. पण म्हणून सव्वा एकर?

मी माईक मागायला उठत होते, आईने पदर धरावा तशी माझी ओढणी धरली. मला वाटलं, गप्प बस म्हणतेय. तर हळूच म्हणाली, "ही आता उतरणार कुठल्या स्टेशनावर?"

काकांना उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

दुपारचे दोन लघुपट पाहिले, खरं सांगू का, एकही डोक्यात शिरला नाही. डबा मात्र संपवला. आईने मेथीचे ठेपले शेजारच्या दोन कॉलेजच्या पोरींनाही खायला लावले, नावगाव विचारून घेतलं, मग एकीला "नोकरी लागली की आधी स्वतःचं खातं काढ" हेही.

रिक्षात मी विचारलंच. आई, त्या दिवशी वाचता आलं नाही ना तुला? चष्मा घरी राहिला होता ना? गेली इतकी वर्षं आमच्याकडे ही गोष्ट अशीच सांगतात.

ती बाहेर बघत होती. म्हणाली, "पर्समध्येच होता. काढला नाही."

मग रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, पुढच्या गल्लीत डावीकडे घ्या."