शेवंड आणि सल्लागार मंडळ

मासे खाणाऱ्या मराठी घरात मासळीवर बोलण्याचा अधिकार जन्मतःच मिळतो. पापलेटाचा कल्लाही न उचलता ‘कालचं आहे’ असा निकाल देणारी माणसं आमच्याकडे माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे मुबलक आहेत. सुरमईची तुकडी किती जाड असावी, बोंबील किती वेळ दाबून ठेवावेत, यावरून आमच्यात अबोले झालेले आहेत. पण या सगळ्या विद्वत्तेची खरी परीक्षा घेते ती शेवंड, म्हणजे आपला लॉब्स्टर. तिच्याबद्दल प्रत्येकाकडे सल्ला असतो, अनुभव मात्र कोणाकडेच नसतो.

विषय काढला माझ्या धाकट्या दिराने. तो बॉस्टनला असतो आणि तिथे गळ्याला प्लॅस्टिकचा रुमाल बांधून लॉब्स्टर खातो. फोटो दरवर्षी येतात. या वेळी स्वतः आला आणि म्हणाला, “वहिनी, समुद्र दारात असून तुम्ही लॉब्स्टर आणत नाही?” माहीमच्या समुद्राकडे बघून हे वाक्य बोलायला बरीच वर्षं परदेशात राहावं लागतं.

सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, “आमच्या मालवणात पायलीच्या पन्नास मिळायच्या.” नवरा म्हणाला, “जिवंतच घ्यायची. मेलेली घेतात ते फसतात.” हे ज्ञान त्याला झोपण्यापूर्वी बघितलेल्या व्हिडिओतून मिळालं होतं. मी फक्त विचारलं की करणार कोण. त्यावर तिघांनीही माझ्याकडे मोठ्या विश्वासाने पाहिलं.

सिटीलाइटच्या बाजारात माझी ठरलेली मावशी आहे. तिला विचारलं, “मावशी, शेवंड आहे का?” तिने पाटीवरचे हात थांबवले. “कोन आलंय?” म्हणाली.

“दीर.”

“अमेरिकेचा?”

मी मान हलवली. “मंग धक्क्यावर जा पहाटं. हितं कोन आनतंय? हाटेलवाले थितंच उचलतात, बाकीची भायेर देशात जाते.” आणि मग हळूच, “कापून घे गो. घरी नेऊन नको ते करू नको.” या संपूर्ण प्रकरणात मला मिळालेला हा पहिला आणि शेवटचा शहाणा सल्ला. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

भाऊच्या धक्क्यावर पहाटे जायला लागतं. जेट लॅगमुळे दीर तीन वाजताच टक्क जागा होता आणि नवरा ‘नैतिक आधार’ म्हणून आला. टॅक्सीत त्याने हा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांच्या नावाचा आहे, ही माहिती दिराला दिली. दिराच्या मोबाइलवर त्याचं इंग्रजी नाव, ‘फेरी वॉर्फ’, लिहिलेलं होतं, म्हणून आपण चुकीच्या जागी चाललोय अशी त्याची शेवटपर्यंत समजूत होती.

धक्क्यावर पोचल्यावर बोलायला उसंत मिळत नाही. पायाखाली पाणी, बर्फाचा चुरा, लिलावाचा आरडाओरडा, अंगावर येणाऱ्या हातगाड्या आणि ‘बाजू, बाजू’. कोळंबी, मांदेली, राणीमासे, बोंबील यांच्या पाट्यांमागून पाट्या उतरत होत्या. दिराचे पांढरे बूट दहा मिनिटांत इतिहासजमा झाले. शेवंड कुठेच दिसेना. शेवटी एका कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली सापडली. कोळणीने गोणपाट उचललं तेव्हा आतून हिरवट-तपकिरी अंगाची, शेपटीवर फिकट पट्टे असलेली पाचसहा जणं चिडून बाहेर बघत होती.

दीर वाकला, निरखलं आणि म्हणाला, “यांच्या नांग्या कुठायत? तोडून वेगळ्या विकता का?”

कोळीण म्हणाली, “खेकडा पायजे का दादा?”

मला तिचे पाय धरावेसे वाटले. बॉस्टनच्या लॉब्स्टरला दोन दांडग्या नांग्या असतात. आपल्या समुद्रातली शेवंड वेगळ्या कुळातली, तिला नांग्या नसतातच. तिच्याकडे अंगाहून लांब, जाड, काटेरी मिशा असतात आणि संकट आलं की ती शेपूट आपटून उलटी पळते. आमच्या घरातले पुरुषही साधारण हेच करतात, ते पुढे दिसलंच.

निवडताना सासूबाईंचा फोन आला, “गाबोळीवाली बघ हो!” कोळणीने एक उलटी केली, तर शेपटीखाली नारिंगी अंड्यांचा घोसच्या घोस. ती घ्यायला मी साफ नकार दिला. मुंबईच्या समुद्रात एक चपटी, बसक्या तोंडाची शेवंडही जाळ्यात भरपूर यायची. ट्रॉलरांनी ती इतकी उपसली की नव्वदच्या दशकात तिची मासेमारीच कोलमडली. निर्यातीसाठी आता वजनाचे नियम आहेत, ही हिरवट शेवंड ३०० ग्रॅमपेक्षा लहान असेल तर परदेशी पाठवता येत नाही, असा २००३ पासूनचा सरकारी दंडक आहे. माझ्या पिशवीला असा काही दंडक नाही, म्हणून तो माझा मीच घातला. सासूबाईंना फोनवर सांगितलं, “गाबोळीवाली नाही मिळाली.” अंड्यांसकट शेवंड समुद्रात असणं महत्त्वाचं, तसंच घरात शांतता असणंही.

भाव ऐकल्यावर नैतिक आधार दोन पावलं मागे सरकला. मी घासाघीस करत राहिले. दोन मोठ्या शेवंडी ठरल्या आणि बाजूच्या पाटीतून मी गुपचूप बोंबलांचा वाटा घेतला. विमा म्हणून.

“कापून देऊ?” कोळणीने कोयता उचलला.

मी ‘हो’ म्हणायच्या आत दोन्ही भाऊ एका सुरात ओरडले, “नको, जिवंतच द्या!” ज्यांना स्वतः कापायची नसते, ती माणसं जिवंतपणाबद्दल फार आग्रही असतात.

परतीच्या टॅक्सीत डिकीतून कर्र कर्र असा आवाज यायला लागला. ही शेवंड मिशांच्या बुडाशी घासून असा आवाज काढते, शत्रूला घाबरवायला. आमचे टॅक्सीवाले घाबरले. भायखळ्याला गाडी बाजूला घेऊन त्यांनी बॉनेट उघडलं, मग वाकून चाकं बघितली. “ये मेरी गाडी का आवाज नहीं है,” असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. दीर शूटिंग करत होता.

घरी आल्याबरोबर नवऱ्याने बादली नळाखाली लावली. “पोहू दे जरा बिचाऱ्यांना.” समुद्रातला जीव गोड्या पाण्यात मरतो, हे बारावी सायन्सला असलेल्या माझ्या मुलीने ओरडून सांगितलं म्हणून बरं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्या फ्रिजमध्ये गेल्या. मग मुलीने आपला मोर्चा माझ्याकडे वळवला. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ पासून लॉब्स्टरला आधी बेशुद्ध केल्याशिवाय उकळायला बंदी आहे आणि ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे-शेवंडींनाही संवेदना असणाऱ्या प्राण्यांत धरलंय, असं तिने मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सुनावलं. ती स्वतः पनीर खाणार होती. पण मुद्दा मला पटला. फ्रीजरमधले सोललेले मटार, खोबरं आणि दिराने आणलेली चॉकलेटं बाहेर काढून शेवंडींना आत जागा केली. गारठ्याने त्या सुस्त होतात आणि मग हालचाल पूर्ण थांबते.

तेवढ्या वेळात घर रिकामं झालं. नवऱ्याला बँकेचं काम आठवलं, रविवार असूनही. दिराला बॉस्टनहून फोन आला, तिथे मध्यरात्र असूनही. सासूबाईंनी जपमाळ घेतली आणि डोळे मिटले. मी त्यांना विचारलं, “आई, मालवणात तुम्ही कशी साफ करायचात?” डोळे न उघडता त्या म्हणाल्या, “आम्ही कुठे करायचो? शेवंड हॉटेलवाल्यांना जायची. आम्ही पेडवे खायचो.”

म्हणजे पायलीच्या पन्नास नुसत्या बघितलेल्या होत्या.

मोठी सुरी डोक्याच्या मधोमध रोवून मी एका दणक्यात काम संपवलं. रक्त लाल नसतं, त्यात लोहाच्या जागी तांबं असतं म्हणून ते निळसर दिसतं. हे मुलीने दुसऱ्या खोलीतून सांगितलं. डोकं पिळून शेपटीपासून वेगळं केलं. राहिला तो शेपटीतला काळा दोरा. त्याची युक्ती धक्क्यावरच्या कोळणीने निघताना सांगितली होती. शेवंडीचीच मिशी मोडायची, शेपटीच्या मागच्या भोकात घालायची, काटे अडकेपर्यंत फिरवायची आणि ओढायची. दोरा अख्खा बाहेर येतो. मी नेमकी ओढत असताना नवरा बँकेतून परत आला. त्याने ते दृश्य बघितलं, “चालू दे” म्हणाला आणि पुन्हा बँकेत गेला.

कापाकापी संपल्यावर सल्लागार मंडळ पूर्ण संख्येने ओट्याशी हजर झालं. दिराला बटर, लसूण, लिंबू. सासूबाईंना भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, तिरफळं, कोकम. नवऱ्याला रवा लावून फ्राय, कारण त्याला सगळंच रवा लावून फ्राय लागतं. मी डोकी आणि पाय कालवणात टाकले. खरा स्वाद तिथेच असतो. शेपट्या उभ्या चिरून बटरमध्ये पालथ्या घातल्या. बघता बघता हिरवट कवच शेंदरी झालं. तो रंग आधीपासूनच कवचात असतो, एका प्रथिनाने दाबून धरलेला. उष्णतेने प्रथिनाची पकड सुटते. तव्यावर पाचसहा मिनिटांत मांस पांढरं झालं की गॅस बंद करायचा, नाहीतर रबर होतं. मी बंद केला. नवऱ्याने पुन्हा चालू केला, “कच्चं राहील.” मी बंद केला. सासूबाई म्हणाल्या, “एक वाफ येऊ दे.” शेवटी रेग्युलेटरच बंद करून मी ओट्याला पाठ लावून उभी राहिले.

ताटं मांडल्यावर लक्षात आलं की इतक्या पैशांच्या शेवंडीत खाण्याजोगा ऐवज जेमतेम एक तृतीयांश. बाकी सगळं कवच, काटे आणि मिशा. प्रत्येकाच्या वाट्याला आलं ते फार गोड, फार सुंदर आणि फार थोडं. कालवणाचा भात मात्र सगळ्यांनी पुन्हा पुन्हा घेतला. बोंबील तळेपर्यंतसुद्धा कुणाला धीर नव्हता, दिराने तर तव्यावरूनच उचलले.

जेवणं झाल्यावर सासूबाईंनी मालवणला नणंदेला फोन लावला. “काही विशेष नाही गो, शेवंड केली होती. सोप्पं असतं. जिवंत आणायची, एक वाफ जास्त द्यायची. आणि नांग्या टाकायच्या नाहीत हां, नांग्यांतच सगळी चव.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सासूबाईंनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, “नांग्या किती होत्या गं?”

“भरपूर होत्या, आई,” दीर म्हणाला.