मैफल घरबसल्या पाहणाऱ्या रसिकांस काही सूचना

थंडीचे दिवस आले की पुण्या-मुंबईकडच्या मोकळ्या मैदानांवर मांडव पडतात आणि बेळगावातले आपण लोक, ज्यांना रजा मिळत नाही, ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत किंवा ज्यांच्यासाठी तिकीट काढून ठेवणारा भाचा आता पुण्यात राहिलेला नाही, असे सगळे दूरचित्रवाणीच्या पडद्याकडे मोठ्या आशेने पाहू लागतो. यंदा एका वाहिनीने अशाच एका खुल्या मैदानावरच्या शास्त्रीय संगीताच्या मैफलीचे थेट प्रक्षेपण करणार असल्याचे पंधरा दिवस आधीपासून जाहीर केले होते आणि गेल्या शनिवारी ते पारही पडले. ती वाहिनी कोणती, हे सांगून मी तिची फुकट जाहिरात करणार नाही. स्वतःची जाहिरात ती स्वतः किती मन लावून करते, हे त्या संध्याकाळी पुरेसे पाहून झाले आहे. पुढच्या खेपेस आपली सर्वांची सोय नीट व्हावी, एवढ्याच सद्हेतूने या सूचना लिहीत आहे.

सर्वांत आधी केबलचे पाहावे. आपल्याकडे केबलवाल्याच्या नेहमीच्या पॅकमध्ये कन्नड वाहिन्या भरपूर असतात आणि हवी ती मराठी वाहिनी वेगळी मागून घ्यावी लागते. ग्राहकाने हवी तीच वाहिनी निवडावी अशी सोय २०१९ साली नियामकाने करून दिली. तेव्हापासून निवडण्याचे स्वातंत्र्य आपल्याकडे आणि ती चालू करण्याचे केबलवाल्याकडे आहे. त्यामुळे पैसे आदल्या आठवड्यात भरावेत, शुक्रवारी आठवण करावी, शनिवारी सकाळी पुन्हा करावी आणि ‘सर्व्हरला टाकलंय, येतंय बघा, स्वल्प अडजस्ट करा’ हे उत्तर आपण पाण्याच्या आणि रस्त्याच्या बाबतीत ज्या शांतपणे ऐकतो त्याच शांतपणे ऐकून घ्यावे. माझ्याकडे वाहिनी साडेपाचला उमटली. कार्यक्रम सहाचा होता, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

सहाच्या ठोक्याला मात्र बसू नये. पहिला पाऊण तास दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि प्रायोजकांचे मनोगत यांना दिलेला असतो, आणि तेवढा भाग एकही ब्रेक न घेता अखंड दाखवण्याची प्रथा आहे.

त्यानंतर गायक व्यासपीठावर येतात आणि तानपुरे जुळवू लागतात. उघड्या मैदानावर, दव पडू लागल्यावर, तबल्याची पुडी नरमते, तानपुऱ्याचा सूर हलतो, म्हणून कलावंत या कामाला वेळ देतात. आणि जाणकार श्रोता त्या वेळी कान टवकारून बसतो, कारण जवारी, म्हणजे तारेची घोडीवरची झंकार, उघडून तारा बोलू लागल्या की अर्धी मैफल तिथेच सजलेली असते. आपण तसे काही करू नये. त्या वेळी निवेदिका ‘काही तांत्रिक अडचणीमुळे गायन सुरू व्हायला थोडा विलंब होत आहे’ असे सांगून पहिल्या रांगेत बसलेल्या एका अभिनेत्याला त्याचे आणि संगीताचे नाते विचारायला जाईल, ते ऐकावे. नाते लहानपणापासूनचे असते.

कॅमेऱ्याविषयी फार अपेक्षा ठेवू नयेत. गायकाने तान घेतली की पडद्यावर संवादिनी दिसेल, संवादिनीवादक उत्तर देऊ लागला की मांडवावरची रोषणाई दिसेल, आणि मागे तानपुरा धरून बसलेल्या शिष्येला गुरूंनी मोठ्या मनाने तालाचे एक आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरा, भरायला दिले, की नेमका त्याच क्षणी कॅमेरा क्रेनवर चढून मैदानावरून घिरट्या घालू लागेल. खुर्च्या किती लागल्या आहेत हे त्यातून उत्तम कळते. डोळे मिटून ऐकावे, हा यावरचा जुना उपाय आहे. पण मग दूरचित्रवाणी संच कशाला घेतला, असे घरातली माणसे विचारतात.

डोळे मिटण्याला आणखी एक कारण आहे. पडद्यावर तबलजीचा हात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो आणि ‘धा’ काही क्षणांनी ऐकू येतो. माझ्याकडे त्या दिवशी शहापुरातले एक निवृत्त मास्तर आले होते, ज्यांनी उमेदीच्या काळात तबला शिकून भजनी मंडळांना पुष्कळ साथ केलेली आहे. त्यांची टाळी हाताबरोबर जावी की आवाजाबरोबर, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आले नाही. तानपुऱ्याच्या नादाला तर त्या वाहिनीच्या ध्वनिकक्षातल्या कुणीतरी बहुधा विजेची घरघर समजून पार तळाशी दाबून टाकले होते, त्यामुळे गायक कोणत्या षड्जावर, म्हणजे कोणत्या ‘सा’वर, उभे आहेत, हे श्रद्धेने मानून चालावे लागत होते.

वीज जाईल याची काळजी करू नये. ती जाहिराती चालू असताना कधीच जात नाही.

आता जाहिरातींविषयी. केबल टेलिव्हिजनच्या नियमांत त्यांना तासाला १२ मिनिटांची मर्यादा घातलेली आहे, आणि एकतालाच्या मात्राही बाराच असल्यामुळे नियम करणारा मनुष्य रसिक असावा असे मला पूर्वी वाटत असे. विलंबित एकतालाचे एक आवर्तन संथ लयीत मिनिटाच्या आसपास जाते. तीन मिनिटांचा ब्रेक म्हणजे तीन आवर्तने, तीन मुखडे, तीन समा आणि त्यांच्या दरम्यान झालेली सगळी बढत. ही काही हातातून निसटलेली चेंडूफळी नव्हे, की परत आल्यावर धावफलक पाहिला आणि काय झाले ते समजले. त्या संध्याकाळी गायकांनी मारवा राग घेतला होता. ज्यांनी मारवा ऐकला आहे त्यांना ठाऊक आहे की त्यात पंचम तर नाहीच, पण षड्जही सहजासहजी हाती लागत नाही. गायक कोमल रिषभावर रेंगाळतो, धैवतावर थांबतो, निषादावरून षड्जाला वळसा घालून पुन्हा रिषभाकडे जातो, आणि मावळतीच्या वेळेची ती सगळी हुरहुर त्या न लागलेल्या षड्जावर तोलून धरतो. सात-आठ मिनिटे त्यांनी आम्हाला असे तिष्ठत ठेवले होते. मास्तरांचा हात मांडीवर होता आणि तो हलत नव्हता. गायक धैवतावरून निषादावर आले, निषाद लांबवला, आता षड्ज लागणार हे खोलीतल्या प्रत्येकाला कळले, माझ्या सुनेलासुद्धा, जी केवळ चहा घेऊन आली होती आणि ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली होती. आणि पडद्यावर नळाचे पाइप आले.

पाइप! गळत नाहीत, गंजत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, आणि एक खेळाडू त्यांच्यावर उभा राहून उड्या मारत होता. त्यामागून हळदीचा मसाला, त्यामागून सोन्याचे दुकान, त्यामागून त्याच वाहिनीवरच्या मालिकेतल्या सासूचा कट, आणि हे सारे मैफलीच्या दुप्पट आवाजात, कारण मैफलीचा आवाज ऐकू यावा म्हणून आम्ही रिमोटवर तो वाढवून ठेवला होता. मास्तर त्या सगळ्या गदारोळात मांडीवर मात्रा मोजत राहिले. परत जाऊ तेव्हा आपण आवर्तनात कुठे असू, एवढे तरी कळावे म्हणून एक वृद्ध मनुष्य दागिन्यांच्या जाहिरातीखाली ओठ हलवत बारा मोजत होता. परत गेलो तेव्हा मध्यलयीतला तीनताल सुरू झालेला होता. तो षड्ज लागला का, कसा लागला, मैदानावरच्या माणसांच्या तोंडून काय उमटले, हे आता जे तिथे बसले होते त्यांनाच माहीत. वाहिनीने तो विकला.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेवर गायकाला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत असत, आणि मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी तेवढ्यात राग उभा करून दाखवला. त्यांची ती तीन मिनिटे आणि या मंडळींची ही तीन मिनिटे.

आणि द्रुत सुरू झाल्यावर तर अजिबात रमू नये. खुल्या मैदानांना २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाची मर्यादा घातली आहे, वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरती ती मध्यरात्रीपर्यंत सैल होते. त्यामुळे रात्रभर चालून पहाटे भैरवीने संपणाऱ्या मैफली उघड्यावरून गेल्या आणि मध्यरात्र उलटल्यावर निवांत मांडलेला मालकंस किंवा पहाटेचा ललित मांडवात ऐकणे दुर्मिळ झाले. गायक आधीच मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून गात असतो. वाहिनीचे घड्याळ त्याच्याही पुढे असते. आठ वाजले, छोट्या ख्यालातल्या ताना आता कुठे रंगात येत होत्या, एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणारी तिहाई सुरू झाली होती, आणि तिच्या दुसऱ्या पल्ल्यावर चित्र गोठून मालिकेचे शीर्षकगीत सुरू झाले. ती मालिका नव्या भागाची असती तर एक वेळ समजलो असतो. तो दुपारी दाखवलेलाच भाग होता. खालच्या पट्टीवर लिहून आले: ‘प्रेक्षकांच्या उदंड प्रतिसादाबद्दल आभार.’

अशा वेळी करावयाची शेवटची गोष्ट म्हणजे दुसऱ्या दिवशी वाहिनीला कौतुकाचा संदेश पाठवणे. आमच्या ओळखीच्या बऱ्याच रसिकांनी तो पाठवला. ‘निदान एवढे तरी दाखवलेत, हेही नसे थोडके’ असे त्यात होते.

नाही, हे मात्र मला जमणार नाही, आणि सूचनाही आता पुरे झाल्या. निदान एवढे तरी म्हणजे काय? अर्ध्यात तोडलेली तिहाई म्हणजे ‘थोडे गाणे’ नव्हे, ते गाणेच नव्हे. ज्या माणसांना हे कळत नाही त्यांनी मैदानावर कॅमेरे नेऊ नयेत, आणि ज्यांना कळते त्यांनी दुसऱ्या दिवशी हात जोडून आभार मानू नयेत. तुमच्या या आभारांच्या जोरावरच पुढच्या वर्षी दोन ब्रेक आणखी वाढतील. मारव्यातला षड्ज गिळला गेला तेव्हा तुम्हीही चडफडला असाल. मग ते लिहायला लाज कसली वाटते?

आणि वाहिनीवाल्यांनो, सीमेवरच्या गावातल्या प्रेक्षकांना गाण्यातले काय कळते, त्यांना मांडवाची रोषणाई दाखवली तरी पुरे, असे जर तुमच्या कुणाच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत झाला. पुण्यात १९५३ पासून ज्यांच्या स्मरणार्थ महोत्सव होतो ते सवाई गंधर्व कुंदगोळचे, तो सुरू करणारे भीमसेन जोशी गदगचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे. १९५० साली सुरू झालेल्या धारवाडच्या आकाशवाणीवर आमच्या वडिलांच्या पिढीने खरखरणाऱ्या संचाला कान लावून पूर्ण राग ऐकले. तो खरखरत असे, पण मधेच पाइप विकत नसे. चित्र नव्हते म्हणून त्यांचे काही अडले नाही, आणि तुमच्या क्रेनवाचून आमचेही अडणार नाही.

आम्ही फुकट मागत नाही, वाहिनीचे पैसे वेगळे भरतो. कॅमेरा एक पुरे. तो व्यासपीठासमोर तिकाटण्यावर ठेवा आणि त्याला हात लावू नका. आवाज मैदानावरच्या मिक्सरमधून सरळ घ्या, तानपुऱ्यासकट, आणि चित्राशी त्याचा मेळ बसला आहे की नाही हे तबल्यावर पहिली थाप पडताच कुणीतरी एकदा पाहा. निवेदिकेला तानपुरे जुळेपर्यंत गप्प राहायला सांगा. दोन कलावंतांच्या मध्ये व्यासपीठाची मांडणी बदलायला पुष्कळ वेळ जातो, तेव्हा पाइप, मसाले, सोने, काय हवे ते दाखवा. आम्हीही त्या वेळी पाय मोकळे करायला उठतो. राग सुरू झाला की तो संपेपर्यंत मधे काहीही लावायचे नाही, मग आठ वाजोत की साडेआठ. आणि हे जमणार नसेल, तर पुढच्या वर्षी तो कार्यक्रम घेऊच नका. मैफल संपल्यावर तिचे अखंड ध्वनिमुद्रण तेवढे ऐकायला मिळेल अशी व्यवस्था करा, चित्राशिवाय.