पापडाच्या डब्याशेजारी

जुलैत बाबांना ताप भरला. लालबागच्या एका लॅबमध्ये डेंग्यू विषाणूचं एनएस१ हे प्रथिन शोधणारी पट्टी निगेटिव्ह आली, डॉक्टर व्हायरल म्हणाले, आणि तीन दिवसांनी प्लेटलेट घसरल्यावर अँटिबॉडी तपासल्या तर डेंग्यूच निघाला. बाबा आता ठणठणीत आहेत. घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र अजून तापलेलाच. दादा म्हणतो, "तू तिकडे स्वीडनमध्ये सोन्याचे नॅनोकण लावून चिमूटभर रेणू पकडतेस, आणि आमच्या नशिबी ही पट्टी!" त्यावर काकांचं ठरलेलं: सुवर्णभस्म आपल्याकडे होतंच, गोऱ्यांनी ढापलं.

काकांशी मी वाद घालत नाही. दादाला मात्र उत्तर देणं भाग आहे.

अरे, अशा बहुतेक पट्ट्यांवरची लाल रेघ सोन्याचीच असते. वीस-चाळीस नॅनोमीटरच्या कणात इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका तालात हेलकावतात, हिरवा प्रकाश गिळतात आणि सोनं लाल दिसतं. फॅरडेने १८५७ मध्ये या लाल द्रावावर सविस्तर लिहिलं. नॅनो लालबागला कधीच पोचलंय.

मी राहते त्या लिनशॉपिंगमध्ये १९८३ साली धातूच्या पातळ थरावर प्रकाश टाकून वायू आणि प्रथिनं ओळखता येतात हे दाखवलं गेलं. आजही तेच करतो: चिपवर सुमारे पन्नास नॅनोमीटरचा सोन्याचा थर, एका ठरावीक कोनात प्रकाश त्यात मुरतो, आणि पृष्ठभागावर रेणू बसला की तो कोन सरकतो. रेणू लहान असला तर सरकणं जेमतेम. मग थरावरच्या अँटिबॉडीने पकडलेल्या त्या रेणूला चिकटणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीच्या पाठीवर सोन्याचा कण लादून पाठवायचा, सरकणं कितीतरी पटींनी वाढतं. संवेदनशीलतेची सगळी करामत ही.

पण तापमान एक अंशाने हललं की पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, साधारण दहा-हजारांशाने बदलतो, आणि आमचं चांगलं यंत्र कोटीतला एक भाग टिपतं. म्हणजे एका अंशाचा गोंधळ हव्या त्या संकेताच्या हजारपट. बाहेर उणे दहा असताना आमची खोली एकवीसवरून ढळत नाही, म्हणून आमचे आकडे देखणे. त्यातून बरीच मोजणी स्वच्छ बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या साध्या द्रावात. माझ्याही एका पेपरमधला सगळ्यात मिरवलेला आकडा बफरमधला आहे; रक्तद्रवाचा आलेख मागे पुरवणीत ढकललाय. रक्तद्रवात मिलिलिटरला साठ-ऐंशी मिलिग्रॅम प्रथिनं असतात, ती सोन्यावर गर्दीच्या लोकलसारखी चढतात. एमएस्सीला कालिन्यात, मुंबई विद्यापीठात, सोन्याच्या लाल द्रावात मिठाचं पाणी टाकलं होतं. डोळ्यांदेखत जांभळं, मग निळं. कणांवरच्या विद्युतभाराची ढाल गेली आणि ते एकमेकांना चिकटले. रक्तही खारटच.

आणि बाबांचं? हा बहुधा त्यांचा दुसरा डेंग्यू. आधीच्या अँटिबॉडी एनएस१ला झाकून टाकतात. पट्टीवर कितीही सोनं ओता, झाकलेला रेणू हाती लागत नाही. आधी आम्लाने किंवा उष्णतेने ती मिठी सोडवावी लागते. हे काम नॅनोचं नाही, नमुना हाताळण्याचं आहे. त्याला अनुदान मिळत नाही. इथेही नाही, हे दादाला खरं वाटत नाही. इथे पैसे मिळतात संवेदनशीलतेच्या आकड्यात आणखी एक शून्य वाढवण्याला.

म्हणून पवईच्या किंवा माटुंग्याच्या प्रयोगशाळेत कुणी आमच्याशी शून्यांची शर्यत लावू नये असं मला वाटतं. कितीतरी पट्ट्यांच्या पाकिटावर २ ते ३० अंशांत ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात एसी नसलेल्या दुकानात ते कोण पाळणार? हा प्रश्न मुंबईकडे आहे, लिनशॉपिंगकडे नाही.

पुढच्या जूनमध्ये येतेय. बॅगेत सहा चिप असतील. आईला सांगून ठेवलंय, फ्रिजमध्ये घालू नकोस, माळ्यावर पापडाच्या डब्याशेजारी ठेव. पापड आधी सादळतात की चिप, ते बघायचंय.